वास येतो का गं?

हैदराबादच्या आमच्या घरात माझ्या नाकाला मान होता. दूध नासायच्या बेतात असलं तर ते गॅसवर चढायच्या आधी मला कळायचं. तूरडाळीच्या डब्याचं झाकण निघालं की आत किडा आहे की नाही, हे मी न बघता सांगायचे. कोण कोठीच्या बाजारात मिरचीभजी हाणून आलंय आणि घरी येऊन "भूक नाही" म्हणतंय, ते दारातच पकडायचे. आमचे हे म्हणायचे, "पोलीस खात्यात गेली असतीस तर पट्टा बांधून फिरवलं असतं तुला." मी म्हणायचे, "पट्टा कुणाच्या गळ्यात आहे ते सगळ्या अंबरपेठेला ठाऊक आहे."

माझ्या आईला मी माय म्हणत असे. आमचं मूळ मराठवाड्यातलं, जुन्या निजामी मुलखातलं शेतकरी घर. माय म्हणायची, "पोरीचं नाक तिखट, आन् नाकावरला राग त्याच्याहून तिखट." मला दोन्हींचा अभिमान होता. जे असेल ते तोंडावर बोलायचं, पाठीमागे नाही, हा माझा बाणा. कोठीजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवत होते. त्या वर्षांत लोकांना इंग्रजी आणि कॉम्प्युटर याशिवाय काही दिसेनासं झालं होतं आणि माझा वर्ग दर जूनला आक्रसत चालला होता. एका बापानं विचारलं, "टीचर, मराठी पढ़ के बच्चा क्या करेगा?" मी म्हटलं, "आईशी बोलेल. तुम्ही बोलता का तुमच्या?" हेडमास्तरांनी बोलावून समज दिली. मला काही वाटलं नाही.

माय गावी ओसरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. भावानं जीपमध्ये घालून हैदराबादला आणलं, ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. गावाकडे धड डॉक्टर नव्हता म्हणून ती माझ्याकडेच राहिली. आता यात काय विशेष, असं आजच्या माणसाला वाटेल. पण आमच्यात आईबाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. लेकीला मूल होईपर्यंत तर नाहीच, आणि झाल्यावरही पाहुण्यासारखं, घोटभर. माझ्या लग्नानंतर माय पहिल्यांदा आली तेव्हा तिनं शेजारच्या घरून तांब्याभर पाणी मागवलं होतं. मी तेव्हाही भांडले होते. त्या बाईला आता जावयाच्या घरात, खाटेवर, सगळं जागच्या जागी करावं लागत होतं. सात महिने.

या सात महिन्यांत तिचा एकच प्रश्न होता. "वास येतो का गं खोलीला?" सकाळी चादर बदलली की विचारायची, मी शाळेतून आले की विचारायची, यांचं पाऊल दारात वाजलं की हळूच विचारायची. "जावईबापू बोलायचे न्हाईत. पर त्यांना येत असंल." मी रबराचं कापड रोज फिनेलनं पुसायचे, गोधड्या गच्चीवर उन्हात घालायचे. "नाही गं माय, कसला वास?" म्हणायचे. ती माझ्या तोंडाकडे बघून घ्यायची आणि मग तिचा जीव भांड्यात पडायचा.

तो दिवस एप्रिलचा होता. महिनाभर माझं डोकं ठणकत होतं, कपाळाच्या मागे कुणी बोट दाबून धरल्यासारखं. बसमधून उभ्यानं आले होते. नोटीस हातात पडली होती की पुढच्या वर्षी मराठीचा वर्ग बंद, शिक्षिकेनं ग्रंथालय सांभाळावं. पर्स टेकवायच्या आत खोलीतून हाक आली, "वास येतो का गं?" मी म्हटलं, नाही. पाणी प्यायले. पुन्हा, "वास येतो का? खरं सांग." मी म्हटलं, नाही ना माय. साडी बदलत होते तर तिसऱ्यांदा. मी तशीच दारात जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "येतो! येतो! घरभर येतो! झालं समाधान?"

माय एवढंच म्हणाली, "मला वाटलंच."

त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस घर शांत होतं. मग माझ्या लक्षात आलं की खाटेजवळचा तांब्या सकाळी भरून ठेवते तो संध्याकाळी जवळजवळ तसाच असतो. रागावले तर ती हसली. "लेकीच्या घरचं पाणी लई पिऊ नये, माय सांगायची माझी." मी म्हटलं, सात महिने प्यालीस ते काय होतं? ती म्हणाली, "तेच तर." मी ती थट्टा समजले. हैदराबादचा उन्हाळा, खोलीत कूलरची घरघर, आणि ती ओठ ओले करण्यापुरतं पाणी घेत होती. गोधड्या कोरड्या राहू लागल्या. मला वाटलं, सुधारतेय. तीन आठवड्यांत ताप भरला, लघवी बंद झाली, डॉक्टर म्हणाले, पाणी फार कमी पडलंय, मूत्रपिंडावर गेलंय. सलाईन लावलं. चौथ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला भाऊ मुसी नदीच्या घाटावर पिंड घेऊन गेला, आणि कावळा शिवेना. नातीचं लग्न नीट करू म्हणाले, जमिनीवरून भांडणार नाही म्हणाले, जे जे सुचलं ते सगळ्यांनी कबूल केलं. कावळे वर झाडावर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. घरी येऊन भाऊ ओटीवर बसला आणि म्हणाला, "काय वासना राह्यली असंल गं तिची? तुझ्यापाशी काही बोलली?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि त्याला चहा दिला.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. त्या दुपारी खोलीत वास होता की नव्हता, एवढं नक्की कळायला हवं होतं. होता, तर मी कठोर बोलले पण खरं बोलले, आणि खरं बोलणारीला देवही फार दोष देत नाही. नव्हता, तर मी आईला काय केलं? मी किती आठवून पाहिलं. मायचा चेहरा आठवायचा, कूलरचा आवाज आठवायचा, हातातली नोटीस आठवायची. वास तेवढा आठवायचा नाही. वास पुन्हा आला तर ओळखता येतो, नुसता आठवता येत नाही, हे मला पन्नाशीत कळलं. ज्याच्या जोरावर मी मिरवत आले ते नाक नेमकं साक्षीच्या वेळी गप्प बसलं.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात मी सुलतान बाजारात बांगड्या भरायला गेले. दुकानातला म्हातारा गेली वीस वर्षं माझ्या हातात बांगड्या चढवत आला होता. दोन-चारचं माप त्याला पाठ. त्या दिवशी त्यानं दोन-सहा काढल्या, त्या अडकल्या, दोन-आठ काढल्या. माझा पंजा हातात धरून म्हणाला, "अम्मा, बुरा नक्को मानो. मोटापा नहीं है ये. हड्डी बढ़ गई आपकी." मी त्याला झापलं. म्हटलं, या वयात हाड वाढतं का कधी?

घरी येऊन लेकीला हसत सांगितलं. लेक तेव्हा नुकतीच त्या नव्या धंद्यात लागली होती. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या पेशंटांबद्दल टेपवर बोलतात आणि आमच्या हैदराबादच्या पोरी कानाला हेडफोन लावून, पायानं पेडल दाबून ते टाइप करतात. तिला मराठी धड वाचता येत नाही, पण परक्या लोकांचे सगळे रोग तोंडपाठ. ती हसली नाही. माझी चप्पल उलटी करून तिनं नंबर बघितला, अंगठी निघते का बघितली, मग लग्नातला फोटो घेऊन माझ्या तोंडाशेजारी धरला. "आई, तुझा जबडा बघ. असे पेशंट मी टाइप केलेत. बिल्कुल तुझ्यासारखे." मी म्हटलं, "आईला पेशंट म्हणतेस?" पण ती हट्टानं घेऊन गेली. निघालं तसंच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ झाली होती. हात, पाय, जबडा ती वाढवत होती, डोकं तीच ठणकवत होती.

डॉक्टरांनी विचारलं, चिडचिड वाढलीय का दोन वर्षांत? आमचे हे मोठ्या उत्साहानं म्हणाले, "दोन? अठ्ठावीस वर्षांत!" डॉक्टर हसले आणि म्हणाले, अशा गाठीनं डोकेदुखी होते, स्वभावावरही परिणाम होतो. परतताना रिक्षात हे हळूच म्हणाले, "ऐकलंस ना? मायच्या वेळी तू बोललीस ते... गाठ होती तेव्हा तुला." म्हणजे त्या दुपारचं यांना माहीत होतं. वर्षभर बोलले नव्हते. त्यांना मला सोडवायचं होतं, पण माझा संताप झाला. गाठीला तोंड असतं का? बोलले ती मी.

ऑपरेशन नाकातून दुर्बीण घालून होणार होतं. डोक्याला टाका नाही, केस कापायचे नाहीत, एक नाकाचे डॉक्टर आणि एक मेंदूचे, दोघं मिळून नाकपुडीच्या वाटेनं वर जाणार. दवाखाना नवा, काचेचा, गार. दारात दरबान, आत फुलं. नाकाचे डॉक्टर सगळं नीट समजावून सांगत होते, आणि शेवटी म्हणाले, "काही दिवस वास कळणार नाही. बहुतेकांना तीन महिन्यांत परत येतो. क्वचित कुणाला नाही येत." मला मरायची भीती वाटली नव्हती ती तेव्हा वाटली. नाक गेलं तर माझा साक्षीदार कायमचा गेला.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस दोन्ही नाकपुड्यांत बोळे होते. तोंडानं श्वास, जीभ चामड्यासारखी. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. आणि मग तहान लागली. अशी तहान मला कधी लागली नव्हती. त्या ग्रंथीला धक्का बसला की काही दिवस शरीर पाणी धरून ठेवत नाही, सगळं वाहून जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी पाण्याचे जगच्या जग रिकामे करत होते आणि तेवढंच खाली नळीवाटे पिशवीत जात होतं. सिस्टर किती आत गेलं, किती बाहेर आलं, ते मोजून लिहीत होती. प्रत्येक ग्लासागणिक मला खाटेजवळचा तो भरलेला तांब्या दिसायचा. मी रडत रडत पाणी प्यायचे. सिस्टरला वाटायचं, दुखतंय.

तिथेच एकदा यांना जवळ बोलावून मी विचारलं, "अहो, वास येतो का माझा?" पिशवी खाटेलाच टांगलेली होती आणि मला काही कळत नव्हतं. हे म्हणाले, "नाही गं, कसला वास?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मनात म्हटलं, हा माणूस खोटं बोलतोय.

बोळे काढले त्या दिवसाची गोष्ट. डोळ्यांवर औषधाची गुंगी होती. सिस्टर तेलुगू पोरगी, गोड. तिनं कागदाच्या पुडीत कॉफीची पूड आणली, माझ्या नाकाखाली धरली आणि मोठ्यानं विचारलं, "अम्मा, वासना वस्तुंदा?"

माझं अर्धं आयुष्य या शहरात गेलं. तेलुगूत वासना म्हणजे वास, वस्तुंदा म्हणजे येतोय का, हे मला भाजीवालीनं हजार वेळा शिकवलंय. पण त्या घडीला ते डोक्यात आलं नाही. मी ऐकलं ते मराठी. वासना. कुणीतरी पांढऱ्या कपड्यात वाकून मला विचारत होतं, वासना आहे का, राहिलीय का काही. मला वाटलं मी मेलेय आणि मला विचारतायत. मग वाटलं, नाही, मायबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "उंदी, सिस्टर. उंदी." आहे. अजून आहे. सिस्टर खूश होऊन टाळी वाजवून गेली आणि तिनं माझ्या कागदावर लिहून टाकलं, वास व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन म्हणाले, व्वा, इतक्या लवकर! मी, तोंडावर बोलणारी, गप्प बसले. काय सांगणार होते?

घरी आले आणि घर मुकं झालं होतं. डोळे मिटून स्वयंपाकघरात उभी राहिले तर ते स्वयंपाकघर आहे की बँकेची रांग, काही कळेना. फोडणी जळाली तरी धूर डोळ्यांना लागल्यावर कळायचं. हिंगाची डबी नाकाला लावून बसायचे, नुसतीच डबी. लेकीनं गॅसजवळ चिठ्ठी लावली, मोडक्या अक्षरांत, "आई, बंद केला का?" दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, बस.

तीन आठवड्यांनी सकाळी मी मायच्या खोलीचा पडदा सरकवला आणि वास आला.

एकच वास, आणि मी तो तत्काळ ओळखला. ओल्या गोधडीचा, रबराच्या गरम कापडाचा, वर फिनेलचा. मी चौकटीला धरून उभी राहिले. भीती वाटली. आणि आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. मला आनंदही झाला. होता तर! वास होता. मी खरं बोलले होते!

"अहो, इकडे या," मी हाक मारली. "येतोय ना वास?" यांनी बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. पेपर हातात घेऊन आले, खोलीभर हुंगून म्हणाले, "नाही." लेकीला बोलावलं. ती कोपऱ्यात गेली, खाटेखाली वाकली, म्हणाली, "आई, इथं काही नाही." मी म्हटलं, "तोंडदेखलं बोलू नका माझ्याशी." लेक म्हणाली, "तोंडदेखलं काय त्यात? नाही तर नाही." मी म्हटलं, "मग माझं नाक खोटं?" वर्षभर बंद असलेली खोली, माणूस नाही, गोधडी नाही, आणि वास घमघमत होता. दुपारी जास्त. संध्याकाळी तर स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

मी गादी उसवली. वाकायची मनाई होती, तरी फरशी घासली. गल्लीतून जाणाऱ्या पिंजाऱ्याला वर बोलावलं, कापूस पिंजून घेतला आणि त्याला म्हटलं, "सूंघ के बोलो. सच बोलना." तो बिचारा मूठभर कापूस नाकाला लावून म्हणाला, "अम्मा, एकदम साफ है. धूप का बास है, बस." मी त्याच्यावरही खेकसले. खोलीत बसून राहायचे. वास आला की दचकायचे आणि वास गेला की शोधायचे. कधी वाटायचं, माय आलीय आणि पुन्हा विचारतेय. मी रिकाम्या खाटेला म्हणायचे, "येतो. अजून येतो." एक दिवस यांनी मला असं बोलताना ऐकलं. पेपर खाली ठेवून ते माझ्याजवळ बसले आणि माझा हात धरून राहिले.

नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद बघितला. "पण इथं तर वास व्यवस्थित लिहिलंय?" मग वासनेचा तो घोटाळा सांगावा लागला, अर्धाच. ते खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "नाकाला काही कळत नसतं तेव्हा मेंदू कधी कधी मनचाच वास देतो. तो बाहेर नसतो. नस बरी झाली की बहुधा आपोआप जातो. कसला वास आहे?"

"घाणेरडा," मी म्हटलं.

"मनचाच" हा शब्द घेऊन मी घरी आले. तो शब्द मला मुळीच आवडला नाही. जर आजचा वास मनचा, तर माझ्याजवळ पुरावा काय उरला?

तिसरा महिना संपत आला होता. शाळेत रुजू व्हायचं म्हणून वर्गाची जुनी पुस्तकं विकून कोठीवरून ग्रंथालयासाठी काही घ्यायला गेले होते. फुटपाथवर पुस्तकांचे ढीग, वाकायची परवानगी नुकतीच मिळालेली. मागून एक रिक्षा धूर सोडत गेली आणि माझ्या नाकात रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलचा वास शिरला. मी ताठ उभी राहिले. मग शेजारच्या उघड्या गटाराचा आला. काय सांगू, सडकं, काळं, हिरवं गटार, आणि मी त्याच्याकडे तोंड करून उभी राहून खोल श्वास घेत होते. मग जुन्या कागदाचा, मग पेरूचा, मग कुणाच्या तरी घामाचा. पुस्तकवाला म्हणाला, "टीचर, तबीयत ठीक है?" माझे डोळे वाहत होते. मी त्याला म्हटलं, "बहुत बास मार रहा है." तो ओशाळून म्हणाला, "म्युन्सिपाल्टीवाले सुनते नहीं." पुस्तकं तिथेच ठेवून मी रिक्षा केली.

घरी आले ती सरळ खोलीत. पडदा सरकवला. चुन्याचा वास होता. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचा होता. खिडकीतून शेजारच्या सांबाराचा येत होता. दुसरा कुठलाच नव्हता. मी खाटेवर पालथी पडून कापसात नाक खुपसलं. धूप का बास, म्हणजे ऊन. तो पिंजारी खरं बोलला होता, सगळेच खरं बोलले होते.

आणि तशी पडलेली असताना मला ती दुपार आठवली, वासासकट. दारात उभी राहून मी ओरडायच्या आधी एक श्वास घेतला होता. ओरडायला घेतो तसा, छातीभर. त्या श्वासात फिनेल होतं, मायच्या केसांतलं खोबरेल होतं आणि गच्चीवरून आणलेल्या गोधडीचं ऊन होतं. बाकी काही नव्हतं.

लेक कामावरून आली तेव्हा मी तिथेच बसले होते. ती बाजूला बसली. हेडफोनचे वळ कानांवर तसेच होते. "वास आला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आला, सगळे आले. ती आनंदानं ओरडलीच. मग माझं तोंड बघून थांबली. मी तिला त्या दुपारचं सांगितलं. नोटीस, डोकेदुखी, तीनदा विचारणं, आणि मी काय म्हणाले ते.

ती म्हणाली, "मालूम आहे मला."

"कुणी सांगितलं? यांनी?"

"आजीनं. त्याच संध्याकाळी. मला बोलावून विचारलं, वास येतो का गं बाळा. मी म्हटलं, नाही आजी, बिल्कुल नाही. खरंच नव्हता येत." लेक फरशीकडे बघत बोलत होती. "तर आजी म्हणाली, तू लाडानं सांगतीस. जावईबापू बी लाजंनं सांगत न्हाईत. तुझी आई तशी न्हाई. तिचं नाक कधी चुकत न्हाई, आन् ती जीव गेला तरी खोटं बोलायची न्हाई. ती म्हणली येतो, म्हंजे येतोच."

मी गादीवरचा हात मागे घेतला.

"मग मी पण तेच मानलं," लेक म्हणाली. "मला वाटलं, मलाच कळत नाही. तुझ्यापुढं माझं नाक काय. आजी पाणी कमी पीत होती ते मला दिसत होतं. वाटलं, आई म्हणते तर असेल वास, कमी पिऊन तिला बरं वाटतंय तर राहू दे." तिनं मान वर केली. "आई, येत होता का?"

"नव्हता."

"मग म्हणालीस कशाला?"

आयुष्यभर ज्याला त्याला तोंडावर उत्तर दिलं मी. हेडमास्तरांना, पालकांना, डॉक्टरांना. लेक वाट बघत होती. गाठीचं नाव घेता आलं असतं, तिनं ते मान्यही केलं असतं, तिनं तसे कितीतरी टाइप केले होते.

"चिडले होते गं," मी म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं.